घरी ईव्ही चार्जर बसवताना : आधी अर्थिंग, मग डबा

आमच्या दारात इलेक्ट्रिक गाडी (ईव्ही) आली ती मे महिन्यात. नारळ फुटला, शेजारच्या काकूंनी बॉनेटवर हळदी-कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी चार्जर बसवणारा माणूस जळगावच्या उन्हात घामाघूम होऊन आला, मीटरजवळच्या बोर्डात मल्टीमीटरची टोकं घातली आणि म्हणाला, "भाऊ, न्यूट्रल आणि अर्थमध्ये २८ व्होल्ट येताहेत. असं असताना मी चार्जर लावून देणार नाही." चार्जरचा डबा खोक्यातच राहिला. पुढचे ११ दिवस मी गाडी बाहेर नेऊन चार्ज करत होतो आणि रोज संध्याकाळी कुणातरी वायरमनच्या मागे लागत होतो.

त्या वेळी त्या माणसाचा राग आला होता. आज त्याचे आभार मानतो. त्या ११ दिवसांत आणि नंतर नातेवाइकांच्या तीन-चार घरी उभं राहून चार्जर बसवून घेताना एक गोष्ट पक्की कळली. भिंतीवर डबा लावायला तासभर लागतो. खरं काम त्याच्या मागचं असतं : जमिनीत गेलेली अर्थिंग (गळालेली वीज मातीत नेणारी जोडणी), मीटरपासून आलेली वायर आणि आपला उन्हाळा. खान्देशात या तिन्हींचं गणित पुण्या-मुंबईपेक्षा वेगळं आहे. म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या नव्या गाडीवाल्यांसाठी हे सगळं क्रमाने लिहितो आहे. जमल्यास गाडी बुक केली त्याच आठवड्यात कामाला लागा, गाडी दारात येण्याची वाट बघू नका.

पायरी १ : रोजचे किलोमीटर मोजा

शोरूममध्ये दोन पर्याय सांगतात. एक १५ अँपिअरच्या सॉकेटला लावायचा, साधारण ३.३ किलोवॅटचा, वायरसकट हातात घेऊन फिरता येणारा चार्जर. दुसरा भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॅटचा, ३२ अँपिअर घेणारा. मोठा घ्यावा असं प्रत्येकाला वाटतं. पण आधी हिशोब करा.

समजा तुम्ही जळगावला राहता आणि नोकरी भुसावळला आहे. जाऊन-येऊन ५० ते ५५ किलोमीटर. लहान गाडीला एवढ्यासाठी ७ ते ८ युनिट लागतात. चार्जिंगमध्ये थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरवर ९ युनिट धरा. ३.३ किलोवॅटच्या चार्जरला हे तीन तासांचं काम आहे. जेवण करून गाडी लावली तर मध्यरात्रीच्या आत मोकळी. अगदी जळगावहून धुळ्याला जाऊन त्याच दिवशी परत आलात, तरी ३० युनिटच्या आसपास लागतील, आणि रात्री ९ ला लावलेली गाडी सकाळी ७ पर्यंत तयार होईल.

माझं प्रामाणिक मत सांगतो. घरात एकच इलेक्ट्रिक गाडी असेल आणि रोजचं फिरणं १०० किलोमीटरच्या आत असेल, तर १५ अँपिअरवालाच पुरतो. अपवाद दोन. एक, ज्यांच्या गावात रात्री-बेरात्री लाईट जाते. तिथे वीज असेल तेवढ्या वेळात जास्त भरून घेणं फायद्याचं असतं. दोन, मोठ्या बॅटरीची गाडी आणि रोजचा लांबचा प्रवास. मोठा चार्जर घ्यायच्या आधी गाडीच्या पुस्तिकेत एक आकडा नक्की बघा : गाडीच्या आतला ऑनबोर्ड चार्जर किती किलोवॅटचा आहे. भिंतीवरचा डबा फक्त घरात येणारी एसी वीज सुरक्षितपणे गाडीपर्यंत पोहोचवतो, बॅटरीसाठी तिची डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) करण्याचं काम गाडीच्या पोटात होतं. ऑनबोर्ड चार्जर ३.३ चा असेल तर बाहेर ७.२ चा डबा लावूनही गाडी ३.३ नेच घेणार.

पायरी २ : विजेचं बिल वाचा

महावितरणचं बिल समोर घ्या आणि त्यावर 'मंजूर भार' शोधा. जुन्या घरांत तो १ किंवा २ किलोवॅट असतो, कारण जोडणी घेतली तेव्हा घरात दोन पंखे आणि एक टीव्ही होता. आता कूलर आहे, दीड टनाचा एसी आहे, गिझर आहे, पाण्याची मोटर आहे. त्यात ३.३ ची गाडी आली की मे महिन्यातल्या रात्री एसी, कूलर आणि चार्जर एकाच वेळी चालणार. चार्जर येण्याआधी भार वाढवून घ्या. अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून करता येतो. ग्राहक क्रमांक, घराच्या मालकीचा कागद, ओळखपत्र आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जवळ ठेवा.

इथे नव्या माणसाला कुणी आधी सांगत नाही अशी एक गोष्ट आहे. आपल्या राज्यात सिंगल फेज (एकाच जिवंत तारेची) जोडणी ४० अँपिअरपर्यंतच्या भारासाठी असते. ७.२ चा चार्जर एकटा ३२ अँपिअर घेतो. मग उरलेल्या ८ अँपिअरमध्ये एसी आणि गिझर कसे चालवणार? म्हणजे ७.२ चा चार्जर लावायचा तर थ्री फेज (तीन जिवंत तारांची) जोडणी घ्यावी लागेल हे गृहीत धरा. थ्री फेजला स्थिर आकार जास्त असतो, आणि तो गाडी चालो न चालो दर महिन्याला भरावा लागतो. हाही आकडा 'मोठा की छोटा' या निर्णयात धरायला हवा. थ्री फेज घेतलीच, तर ज्या फेजवर एसी आहे त्या फेजवर चार्जर टाकू नका.

बिलाचा दुसरा भाग म्हणजे टप्पे. घरगुती वीज १०० युनिटपर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे अशा टप्प्यांनी महाग होत जाते. महिन्याला १००० किलोमीटर फिरलात तर गाडीची सुमारे १५० युनिट वाढतील. घराचा वापर २०० असेल तर तुम्ही ३५० वर जाल, म्हणजे वरची ५० युनिट महागड्या टप्प्यात. 'इलेक्ट्रिक गाडी किलोमीटरला किती पडते' हे काढताना बिलाची सरासरी न घेता या वरच्या टप्प्याचा दर घ्या, तरच उत्तर खरं येईल. टीओडी मीटर (वेळेनुसार वापर मोजणारा) बसलेला असेल तर दिवसा ९ ते ५ च्या वापरावर सवलतीचं धोरण आहे. तुमच्या बिलावर ती कशी दिसते ते पाहून सुटीच्या दिवशी दुपारचं चार्जिंग ठरवता येईल.

घरच्या मीटरवर गाडी चार्ज करणं कायद्याने चालतं का, असं मला गावाकडे फार जण विचारतात. चालतं. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वतःच्या घरच्या किंवा कार्यालयातल्या चालू जोडणीवर गाडी चार्ज करण्याची मुभा स्पष्ट दिलेली आहे.

मळ्यातल्या कृषिपंपाच्या जोडणीवर मात्र गाडी लावू नका. ती वीज शेतीसाठी म्हणून स्वस्त दराने दिलेली असते. दुसऱ्या कामाला वापरली तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. शिवाय शेती फिडरचं वेळापत्रक आठवड्याला बदलतं आणि व्होल्टेजचा भरवसा नसतो. मळ्यात राहत असाल तर घरासाठी वेगळी घरगुती जोडणी घ्या.

पायरी ३ : मीटरपासून पार्किंगपर्यंत चालत जा

हे काम वायरमन येण्याआधी स्वतः करा. हातात टेप घ्या. मीटर कुठे, गाडी कुठे उभी राहणार, वायर कुठून जाणार, वाटेत काय काय येतं. कागदावर वेडंवाकडं चित्र काढा आणि अंतर लिहा. सरळ अंतर नको, वायर जशी वळत जाईल तसं.

जुनी धाब्याची घरं असतील तर जास्त काळजी घ्या. मातीच्या धाब्याखाली, लाकडी पट्टीवरून गेलेली ४० वर्षांपूर्वीची वायरिंग मी अमळनेरला माझ्या साडूंच्या घरी पाहिली. तिच्यातल्या एखाद्या १५ अँपिअरच्या सॉकेटला गाडी लावणं म्हणजे घर पणाला लावणं आहे. जुन्या वायरिंगला हातच लावू नका. चार्जरची वायर थेट मीटरनंतरच्या मेन स्विचपासून वेगळी काढा. तिच्यावर दुसरा दिवा नको, मोटर नको, काही नको.

मीटरच्या अलीकडचंही बघा. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर जुनी, बारीक, जोड दिलेली असेल तर भार वाढवण्याच्या अर्जाबरोबरच ती बदलण्याबद्दल बोला. सलग आठ तास १५ अँपिअर ओढणारं दुसरं कुठलंही उपकरण घरात नसतं. गिझर २० मिनिटांत बंद होतो, मोटर अर्ध्या तासात. आतापर्यंत निभावून गेलेला सैल जोड गाडीमुळे पहिल्यांदा तापतो.

पायरी ४ : अर्थिंग

आता मुख्य विषय. इथे मी जास्त वेळ घेणार आहे.

तापीकाठची आपली जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगचा पाइप या मातीत उभा असतो. माती आकसली की पाइपला सोडते, ओल खाली जाते आणि अर्थिंगचा रोध (वीज वाहायला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) वाढतो. ऑगस्टमध्ये उत्तम आलेलं माप मे महिन्यात तिप्पट-चौपट झालेलं मी स्वतः पाहिलं आहे. म्हणून माझा आग्रह आहे : अर्थिंग एप्रिल-मे मध्ये मोजा. तेव्हा पास झाली तर वर्षभर पास.

अर्थिंग एवढी महत्त्वाची का, तेही समजून घ्या. आपल्याकडे घराला खांबावरून फेज (जिवंत तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) येतात, अर्थ बहुतेक घरांत आपली आपण जमिनीत केलेली असते. समजा तुमच्या अर्थिंगचा रोध १० ओहम आहे आणि गाडीच्या बॉडीला फेज लागली. २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर जमिनीत वाहतील. तुमचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) ३२ किंवा ४० चा. तो २३ वर पडणारच नाही. गाडीचा पत्रा जिवंत राहील आणि पहाटे अंगण झाडायला आलेला माणूस ओल्या जमिनीवरून त्याला हात लावेल. म्हणून चांगली अर्थिंग आणि आरसीसीबी (थोडी वीज गळली तरी पडणारा स्विच) ही जोडी एकत्रच लागते.

वायरमन बहुतेक वेळा बल्ब लावून दाखवतात. फेज आणि अर्थच्या मध्ये १०० वॅटचा बल्ब लावतात, तो लख्ख पेटतो आणि म्हणतात, "अर्थिंग एकदम कडक." ही परीक्षा पुरेशी नाही. १०० वॅटचा बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही. अर्थिंग ५० ओहमची, म्हणजे खराब असली तरी तो जवळजवळ तेवढाच पेटतो. अर्थ टेस्टर नावाचं यंत्र असतं, ते आणणाराच ठेकेदार बोलवा आणि आकडा कागदावर लिहून मागा. ५ ओहमच्या आत आला तर उत्तम.

घरच्या घरी मल्टीमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज बघता येतं. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत राहा, पाचच्या वर गेलं तर कारण शोधा. दर वेळी दोष अर्थिंगचाच असतो असं नाही. न्यूट्रल कुठेतरी सैल असला तरी हा आकडा चढतो. माझ्या घरी दोन्ही होतं : अर्थिंगचा पाइप वरूनच गंजून तुटला होता आणि मेन स्विचमध्ये न्यूट्रलचा स्क्रू ढिला होता.

माझ्या त्या ११ दिवसांत एका वायरमनने सोपा मार्ग सुचवला होता. सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ तारेने जोडून टाकू, चार्जरला फरक कळणार नाही. मी घाबरलो तेव्हा म्हणाला, "काही नही व्हस, भाऊ." (काही होत नाही.) होतं. खांबावर न्यूट्रल तुटला, आणि आपल्याकडे पहिल्या वादळी पावसात तो तुटतोच, तर त्या तारेतून पूर्ण २३० व्होल्ट गाडीच्या पत्र्यावर येतात. चार्जर 'अर्थ फॉल्ट' दाखवून थांबतो तेव्हा तो आपला जीव वाचवत असतो. त्याला फसवायचं कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

नवी अर्थिंग करताना चार्जरसाठी वेगळा खड्डा घ्या आणि ती घराच्या जुन्या अर्थिंगलाही जोडून घ्या. कोळसा-मिठाचा जुना प्रकार चालतो, पण मीठ पाइप खातं आणि दर उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं. मी तांब्याचा मुलामा असलेला ३ मीटरचा रॉड आणि ओल धरून ठेवणारी अर्थिंग पावडर वापरली. ३ मीटरवर आपल्या काळ्या मातीत मे मध्येही थोडी ओल सापडते. वर झाकणाचा छोटा चौक बांधून घ्या, म्हणजे पुढे मोजता येईल. चाळीसगावकडे डोंगराच्या अंगाला खाली लगेच खडक लागतो. तिथे एक खोल रॉड जात नाही, मग दोन-तीन आखूड रॉड एकमेकांपासून निदान त्यांच्या लांबीइतके दूर ठोकून जोडून घेतात.

पायरी ५ : वायर आणि उन्हाळा

वायरच्या जाडीचे जे तक्ते पुस्तकात असतात, ते बहुधा ३० अंश तापमान धरून केलेले असतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो. त्या तापमानाला साधी पीव्हीसी वायर तिच्या तक्त्यातल्या क्षमतेच्या सुमारे ७९ टक्केच प्रवाह सुरक्षित वाहून नेते.

याचा अर्थ असा. पाइपातून गेलेली ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वायरमनच्या भाषेत 'सहाची', ३० अंशांना ४१ अँपिअर घेते. ४५ अंशांना ती ३२ वर येते. ३२ अँपिअरच्या चार्जरला ती अगदी काठावर, आणि तिच्यापुढे ४० चा एमसीबी लावला तर तो वायरचं रक्षणच करू शकत नाही. म्हणून ७.२ च्या चार्जरला खान्देशात सरळ दहाची वायर घ्या. १५ अँपिअरच्या सॉकेटला अडीचची नको, चारची घ्या आणि २० चा एमसीबी लावा. वायर तांब्याची, आयएसआय शिक्क्याची, मीटरपासून चार्जरपर्यंत एकसंध. मध्ये जोड नको, टेप नको.

अंतर लांब असेल तर आणखी एक कारण आहे. ३० मीटर दूर ३२ अँपिअर नेताना सहाच्या वायरमध्ये ७ व्होल्ट वाटेत जातात, दहाच्या वायरमध्ये ४. गावात संध्याकाळी मुळातच १९५-२०० व्होल्ट येत असतील तर हे ३ व्होल्टही राखावेसे वाटतात, कारण व्होल्टेज फार घसरलं की चार्जर थांबतो.

भिंतीवरून जाणारा पांढरा पाइप उन्हात दोन-तीन वर्षांत तडकतो. पश्चिमेच्या भिंतीवरून वायर नेणं टाळा; नाइलाज असेल तर जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप वापरा. टोकांना लग (धातूची टोपी) दाबून, म्हणजे क्रिम्प करून घ्या. नुसती वायर पिळून स्क्रूखाली दाबली की ती सहा महिन्यांत ढिली होते.

पायरी ६ : संरक्षणाचा बोर्ड

चार्जरजवळ छोटा वेगळा डीबी (स्विचचा डबा) हवा. त्यात एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक उसळलेला झटका अडवणारा).

आरसीसीबी घेताना दुकानदाराला 'टाइप ए' असं सांगून मागा. साधा मिळतो तो टाइप एसी. गाडीच्या चार्जरमधून कधी कधी डीसीची गळती होते, आणि ती टाइप एसीला आंधळं करते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत गाडीच्या चार्जिंगसाठी किमान टाइप ए, ३० मिलिअँपिअरचा, न्यूट्रलसकट दोन्ही तारा तोडणाराच लागतो असं म्हटलं आहे. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरच्या डीसी गळतीचं संरक्षण आधीच आहे का, तेही माहितीपत्रकात वाचा. असेल तर टाइप ए पुरतो, नसेल तर टाइप बी लागतो आणि तो महाग असतो.

एमसीबी ३० अंशांना धरून बनवलेला असतो. उन्हात तापलेल्या लोखंडी डब्यात तो लवकर पडतो. ३२ अँपिअरच्या चार्जरला ३२ चा एमसीबी लावला, तर मे महिन्यात रात्री ११ ला उठून तो वर करत बसावं लागेल. ४० चा लावा. दहाची वायर असल्यामुळे ते चालतं.

थ्री फेज घरांनी ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले (व्होल्टेज फार चढलं किंवा उतरलं की वीज तोडणारा) लावावाच. न्यूट्रल तुटला की एखाद्या फेजवर ४०० च्या जवळ व्होल्टेज जाऊ शकतं आणि गाडीच्या ऑनबोर्ड चार्जरपासून फ्रीजपर्यंत सगळं जळतं.

पायरी ७ : जागा

चार्जरची जागा सावलीत, शक्यतो उत्तर किंवा पूर्वेच्या भिंतीवर. आत तापमान वाढलं की चांगले चार्जर स्वतःच प्रवाह कमी करतात. मग ७.२ चा डबा घेऊनही दुपारच्या उन्हात ४ किलोवॅटचंच काम मिळतं. वर पत्र्याचं छोटं छज्जं करून घ्या. उघड्यावर असेल तर आयपी ६५ दर्जाचा (धूळ-पाणी आत न जाणारा) डबा हवा.

सॉकेट जमिनीपासून निदान ८०० मिलिमीटर उंच, आणि गाडीचं तोंड चार्जरपासून ५ मीटरच्या आत. एक्स्टेन्शन बोर्ड किंवा जोडवायर लावून गाडी चार्ज करायला त्याच सुरक्षा नियमांनी मनाई आहे. खिडकीतून बाहेर काढलेल्या एक्स्टेन्शनवर रात्रभर गाडी लावणारी मंडळी मी गल्लोगल्ली बघतो. कृपा करून तसं करू नका.

आणि खेड्यातल्या घरांसाठी हे ठळकपणे सांगायचं आहे. दिवाळीनंतर भाव वाढायची वाट बघत आपण कापूस घरातच साठवतो. कधी पडवीत, कधी गाडी ठेवायच्या शेडमध्येच. कापसाच्या गंजीला लागून असलेल्या भिंतीवर चार्जर बसवू नका. कडब्याच्या गंजीपासूनही लांब. दोनच महिन्यांचा प्रश्न असला तरी नाही.

चार्जरऐवजी १५ अँपिअरचा सॉकेटच वापरणार असाल, तर साधा प्लास्टिकचा स्विच-सॉकेट नको. मेटल क्लॅड (धातूच्या खोळीचा) किंवा औद्योगिक सॉकेट लावा. एका नातेवाइकाच्या घरी गिझरच्या सॉकेटला गाडी लावली होती. तिसऱ्या आठवड्यात पिन काढताना सॉकेटचं तोंड मऊ होऊन पिनेबरोबर बाहेर आलं.

पायरी ८ : बसवण्याचा दिवस

या दिवशी सुटी काढा आणि समोर उभे राहा. मीटरकडचा मेन बंद केल्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नका. डबा लागला की गाडी लावायच्या आधी चार मापं घ्यायला सांगा : फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज आणि अर्थिंगचा रोध. मग आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. तो खटकन पडलाच पाहिजे.

आता गाडी लावा. मल्टीमीटर पुन्हा लावून बघा. चार्जिंग सुरू झाल्यावर व्होल्टेज १० पेक्षा जास्त घसरलं तर वायर बारीक आहे, कुठे सैल जोड आहे किंवा मीटरमागची सर्व्हिस वायर दमली आहे. अर्ध्या तासाने प्लग, एमसीबीचा पुढचा भाग आणि मीटरचं झाकण यांना हाताची मागची बाजू लावा. कोमट चालेल. हात लगेच मागे घ्यावासा वाटला तर चार्जिंग थांबवा आणि स्क्रू तपासून घ्या. महिन्याने वायरमनला पुन्हा बोलवून सगळे स्क्रू एकदा आवळून घ्यायचे हे त्याच दिवशी ठरवून टाका.

स्कूटर, फ्लॅट आणि सौर

नुसती स्कूटर असेल तर एवढा खटाटोप लागत नाही. स्कूटरचा चार्जर एक किलोवॅटच्या आतबाहेर असतो. चांगली अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि मजबूत सॉकेट एवढं पुरतं. फक्त घराबाहेर पडायच्या एकुलत्या एका बोळात किंवा जिन्याखाली रात्री चार्जिंगला लावू नका.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर आधी सोसायटीच्या समितीला लेखी अर्ज द्या, सोबत ठेकेदाराकडून काढलेला वायरचा मार्ग आणि संरक्षणाचं चित्र जोडा. लोकांची भीती बहुतेक 'आमच्या बिलावर येईल का' आणि 'आग लागेल का' एवढीच असते. तुमच्या स्वतःच्या मीटरवरून वेगळी वायर आणलेली चित्रात दिसली की पहिली शंका मिटते.

छतावर सौर पॅनेल बसवायचे मनात असेल तर गाडीचा वापर धरूनच आकार ठरवा. १ किलोवॅटमधून महिन्याला साधारण १२० युनिट मिळतात, म्हणजे १००० किलोमीटरसाठी घरच्या गरजेवर आणखी सव्वा किलोवॅट. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्तला ७८,००० रुपये अनुदान आहे. नेट मीटरिंग असल्यामुळे दिवसा तयार झालेली वीज रात्रीच्या चार्जिंगच्या हिशोबात वळती होते.

उन्हाळा आणि पहिला पाऊस

एप्रिल ते जून दुपारी उन्हातून चालवून आणलेली गाडी लगेच लावू नका. अर्धा-पाऊण तास सावलीत उभी करा. रात्री ११ नंतर किंवा पहाटे चार्जिंग होईल अशी वेळ गाडीच्या ॲपमध्ये लावून ठेवा. तेव्हा हवाही उतरलेली असते आणि कॉलनीतले कूलर-एसी थोडे शांत झाल्यामुळे व्होल्टेजही बरं मिळतं.

मेच्या शेवटी, वळिवाच्या पावसाआधी, मेन बंद करून डीबी उघडा. वायर आत येते ते भोक ग्लँडने (वायरभोवती घट्ट बसणाऱ्या बुचाने) नीट बंद आहे ना ते बघा, कारण तिथूनच मुंग्या आणि पाली आत जातात. पाल टर्मिनलवर बसून मेलेली मी दोनदा काढली आहे. विजा कडाडत असतील तेव्हा प्लग काढून ठेवा, सर्ज प्रोटेक्टर असला तरी. आरसीसीबीचं बटण महिन्यातून एकदा दाबा. मी ते मीटर रीडिंगच्या दिवसाला जोडून टाकलं आहे. अर्थिंगचं माप वर्षातून दोनदा घ्या. माझ्या डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलेलं आहे : मे ४.१, ऑगस्ट १.६, मे ४.४. पुढच्या मे मध्ये आकडा पाचच्या वर गेला तर दुसरा रॉड ठोकायचा, त्याची जागा तुळशीवृंदावनाच्या मागे आत्ताच मोकळी ठेवली आहे.